खिडकीजवळची खुर्ची हलणार नाही

मी खुर्ची बोलतेय. खिडकीजवळची, एक पाय आखूड असलेली. बसायचं तर बसा. नावं ठेवायला आला असाल तर उभेच राहा.

हॉलंडातल्या ग्रोनिंगन शहरात एका आजोबांच्या पत्त्यांच्या डावात माझी उमर गेली. ते गेले, आणि मुलांनी मला जुन्या सामानाच्या दुकानात लोटलं. तिथून आले ती कालव्याकाठच्या या खोलीत. इथं लोक आपली नशा आपण घेऊन येतात आणि आमच्या डोळ्यांदेखत टोचून घेतात. आम्ही नशा देत नाही हो! कोरी सुई देतो, वापरलेली डब्यात टाकून घेतो, म्हणजे एकाचा रोग दुसऱ्याला जात नाही. आणि श्वासावर नजर ठेवतो.

ती नजर सुचेताची. पुण्याची नर्स, नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आलेली, डच शिकून कामाला लागलेली. एकदा नवऱ्याचा मित्र शिरीष तिचा विसरलेला डबा द्यायला आला आणि दारातच म्हणाला, "वहिनी, नशेबाजांना खुर्ची कसली देता?"

"मग काय भावजी, उभ्याउभ्या मरू देऊ?"

माझ्यावर रोज बसायचा वाउटर. एके काळचा सुतार. माझा आखूड पाय चाचपून म्हणायचा, "उद्या नीट करतो." तो उद्या काही उजाडायचा नाही. निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे सुचेताने त्याला शिकवलेलं. दारात मान वाकवून तो मराठीत म्हणायचा, "येतो!"

मग करोना आला. अंतर हवं म्हणून चारांतल्या दोन खुर्च्या काढल्या. मी गेले दाराशेजारच्या अडगळीत, झाडूसोबत. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? वाउटर आला. जागा नव्हती. मुकाट परतला.

"हा 'येतो' म्हणाला नाही," सुचेता पुटपुटली, आणि धावलीच.

अडगळीच्या खिडकीतून मी पाहिलं. बाहेरच टोचून घेऊन सायकलींमागे पडला होता तो, ओठ निळे. तिने नाकात नशेवरचा उतारा फवारला, तोंडावर श्वास द्यायची रबरी पिशवी धरून, ती दाबून छातीत वारा भरला. पुन्हा भरला. शेवटी तो खोकला.

"न सांगता मरतोस होय रे मेल्या?" तिने मराठीतच झापलं.

त्याला सावरलं, आणि तडक येऊन मला ओढत मागच्या अंगणात नेलं. मोकळ्या हवेत. मुख्य बाई एल्स धावत आल्या. "सुचेता, नियम आहेत. खुर्ची आत ने."

सुचेता माझ्यावर बसली. "न्या ना. माझ्यासकट न्या."

एल्सबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग त्यांनीच ताडपत्री आणली.

तेव्हापासून मी इथंच, खिडकीच्या बाहेरच्या अंगाला. पावसाने रंग उडालाय. भिंतीपलीकडून कुणी ओरडतं, "बंद करा हे!" ओरडा बापांनो. तुमच्या पोरांच्या घसरगुंडीखाली सुया पडत नाहीत, ते कुणामुळे?

आज वाउटर उठला, खिशातून लाकडाची चकती काढली आणि माझ्या आखूड पायाखाली ठोकून बसवली. दारात मान वाकवली.

"येतो!"

ये बाबा. जागा राखलीय.