घराचा तांबडा

संध्याकाळ झाली की दुफीच्या आईचं सुरू व्हायचं, "मला माझ्या घरी सोडा." कुमासी शहरातल्या लेकीच्या घरी येऊन तिला वर्षं लोटली होती, पण तिच्या लेखी ती कुणाकडे तरी पाहुणी म्हणून आलेली. गाठोडं बांधून दाराशी उभी राहायची. दुफी दिवसभर शाळेत पोरांवर ओरडून यायची, जेवणाला उकडलेल्या कंदांचा फुफू कुटायची आणि मग आईला दारातून ओढून आणायची. स्वतःच साठीला टेकलेली बाई, रोज रोज किती ओढणार? जीव नकोसा झाला होता तिला.

बरं, गावी न्यावं म्हटलं, तर गावचं मातीचं घर दुफीच्या भावाने, ओपोकूने, पाडून सिमेंटचं उठवलेलं. त्याला त्याचा कोण अभिमान. आईला एकदा तिथे नेलं, तर तिथेही तिचं तेच, "हे कुणाचं घर? मला माझ्या घरी सोडा."

शेवटी दुफीने ठरवलं, घर नाही तर निदान भिंत तरी देऊ. जुन्या घराच्या भिंती कमरेपर्यंत तांबड्या आणि वर पांढऱ्या होत्या. तांबडी माती पाण्यात कालवून आई स्वतः पोतेऱ्याने सारवायची, हात घासून घासून गुळगुळीत करायची.

रंगाच्या दुकानात मेला तांबड्यांचा बाजार भरलेला. एक मिरचीसारखा भडक, एक इतका तपकिरी की वाळलेलं रक्त वाटावं. दुफीने डब्याडब्यात बोट बुडवून स्वतःच्या मनगटावर ओढून पाहिलं. शेवटी गेरूत काजळी मिसळल्यासारखा एक सापडला, तोच तो. पण त्याच्याशेजारी दुकानातला पांढराशुभ्र लावून पाहिला, तर तांबडा एकदम परका दिसायला लागला. मग जुन्या चुन्यासारखा मळकट पांढरा घेतला. त्याच्याजवळ तांबडा निवांत बसला.

सुट्टीच्या दिवशी तिने एकटीने भिंती रंगवल्या. दोन रंगांच्या मधली रेघ काही सरळ येईना. वैतागून तिने ती वेडीवाकडी रेघ झाकायला मध्ये काळा पट्टा ओढला आणि तशीच झोपली.

सकाळी शेजारची मान्सा काळं लुगडं नेसून दारात. तिने उघड्या दारातून तांबडं आणि काळं पाहिलं होतं. आमच्या कुमासीकडे दुखवट्याचं कापड त्याच दोन रंगांचं, दुसरा अर्थ कोण काढणार?

"कधी गेली गं म्हातारी?" मान्साने डोळ्यांना पदर लावला.

"कोण गेली?" आतून म्हातारीनेच विचारलं.

मान्साने ओपोकूलाही फोन करून ठेवला होता. तो धापा टाकत आला, आईला जिवंत पाहून खुर्चीत कोसळला आणि मग भडकला. "ताई, आई जिवंत असताना घराला मयताचा रंग देतेस? लोक काय म्हणतील?"

"मयताचा तो काळा, माझी चूक झाली, पुसते," दुफी म्हणाली. "तांबडा राहणार. तो आपल्या घराचा आहे. तू पाडलंस म्हणून मला डब्यातून आणावा लागला."

ओपोकू खुर्चीतून उठला. मग त्यानेच ब्रश घेतला आणि काळ्या पट्ट्यावर पांढरा चढवला.

तो गेल्यावर दुफी दाराजवळ स्टूल टाकून बसली. संध्याकाळ झाली. आईने गाठोड्याला हात लावला नाही. ती भिंतीशी गेली, तांबड्यावरून तळवा फिरवला आणि तिथेच पाय पसरून बसली. किती दिवसांनी तिचे खांदे खाली आले होते.

"छान सारवलंय," आई म्हणाली.

"मी केलंय, आई. आवडलं?"

आईने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. पाहणं मायेचंच होतं, पण ओळखीचं नव्हतं.

"फार राबलीस बाई माझ्यासाठी. दमलेली दिसतेस. आता तूही तुझ्या घरी जा. माझी दुफी एवढ्यात शाळेतून येईल. लाजाळू आहे पोर, परकं माणूस दिसलं की जेवत नाही."

कितीतरी संध्याकाळी दुफीने आईची समजूत घातली होती, ही पहिलीच निवांत संध्याकाळ होती. ती कशाला मोडायची? तिने चपला घातल्या, "येते हं," म्हणाली, आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली.