अद्रक धुणाऱ्या यंत्राचे शोधक

मित्रांनो, मी एक जुनं अद्रक धुणारं यंत्र आहे. पिशोरला कडुबा मिस्त्रींच्या वेल्डिंगच्या दुकानात, डिझेलच्या रिकाम्या पिंपातून माझा जन्म झाला. तेव्हा माझं पिंप अगदी आडवं होतं. अद्रक एका जागी गोळा व्हायची आणि तिची सालच निघायची. मला फार लाज वाटे.

कडुबांच्या वहिनी आवडाबाई हंगामात दिवसभर हातानं अद्रक धुवायच्या. एकदा मला न्याहाळत त्या म्हणाल्या, "भावजी, ह्याला जरा उतार द्या. अन् आतून काथ्या लावा. माती निघंल, साल नाय निघायची."

कडुबांनी तसं केलं आणि काय सांगू, माझ्या तोंडातून पिवळीधमक अद्रक बाहेर पडली!

मला शहरातल्या कृषी प्रदर्शनात न्यायचं ठरलं, टेम्पोही सांगितला. तेवढ्यात शहरात गारखेड्याला राहून इंजिनिअरिंग शिकणारी आवडाबाईंची लेक सुकेशनी घरी आली.

"काका, आधी पेटंटचा अर्ज करू. एकदा चारचौघांत दाखवलं, की नवा शोध म्हणून हक्क सांगणं अवघड जातं."

"झाकून ठेवलेलं मशीन कोण घेतंय?" कडुबा चिडले. पण ती हटली नाही. मी ताडपत्रीखाली राहिलं आणि प्रदर्शन हुकलं.

अर्ज भरताना सुकेशनीनं विचारलं, "शोध कुणाचा?"

"माझा. लिही की."

"आणि उतार? काथ्या?"

कडुबांनी हातातला पाना खाली ठेवला. मग ते हळूच म्हणाले, "वहिनींचं नाव पयलं लिही. मी निस्तं लोखंड जोडलं."

"निस्तं कसं?" आवडाबाई हसल्या. "उतार मी सांगितला, पर त्याला पाय तुमीच दिले. दोघांचंबी लिही गं."

काही वर्षांनी पेटंट मिळालं. अर्जातली माहिती आता कुणालाही वाचता येत होती. ती वाचून पैठणहून पुंजाराम नावाचे कारागीर आले.

"काथ्या लई लवकर झिजतो, बाई. नायलॉनचा ब्रश लावला तर? तुमची परवानगी असंल तरच."

आवडाबाईंनी आणि कडुबांनी आनंदानं परवानगी दिली. आज पुंजारामांची नवी यंत्रं हळदसुद्धा धुतात! हे गुपित आम्ही दुकानातच दडवलं असतं, तर त्यांना ते सुचलंच नसतं.

माझी जागा आता दुकानाच्या दाराशी आहे. मुलं माझ्यावर चढतात. खुशाल चढा, पण माझ्या बेअरिंगला अधूनमधून तेल घाला. आणि मित्रांनो, तुमच्या मनात काही नवं आलं, तर कुणी हसेल म्हणून ते सोडून देऊ नका. कागदावर उतरवा, करून पाहा!