तीन पायांचा हंडा

गाडीचं दार उघडताच व्हर्ना स्टॉलिंग्जला वास आला. मका, टोमॅटो, धुरावर शिजवलेलं डुकराचं मांस. मेम्फिसच्या स्टेडियमबाहेरच्या पार्किंगमध्ये त्या सकाळी शे-दोनशे चुली तरी पेटल्या असतील. पण पाच-सहा तास ढवळल्याशिवाय स्ट्यूला असा वास येत नाही, आणि इतका वेळ ढवळणारा माणूस तिला एकच माहीत होता. हिरवी टोपी कानांवर ओढून ती वासामागे निघाली ती थेट तांबड्या तंबूपाशी, शत्रूच्या गोटात, जाऊन पोचली.

"मेव्हिस, बघ कोण आलंय! बगळा आलाय बगळा!" हार्लन प्रुइट लाकडी डाव उंचावून बायकोला म्हणाला. "व्हर्ना, एका पायावर उभी राहा, म्हणजे ओळख पटेल."

"खेचरांना लांबचं दिसत नाही, म्हणून जवळ आले," व्हर्ना म्हणाली.

कॅलोवे कॉलेजचे बगळे आणि टॉलिव्हर कॉलेजची खेचरं. दोघांत अंतर चाळीस मैलांचं आणि वैर नव्वद वर्षांचं. अकरा वर्षांपूर्वी दोन्ही कॉलेजं वेगवेगळ्या लीगमध्ये गेली आणि दरवर्षीचा अमेरिकन फुटबॉलचा सामना बंद पडला. यंदा हंगाम संपल्यावर होणाऱ्या या खास सामन्यासाठी आयोजकांनी नेमके हेच दोन संघ निवडले, ही बातमी ऐकली त्या दिवशी व्हर्नाने हातातली इस्त्री तशीच ठेवली होती. टेबलक्लॉथ जळाला. तिला त्याचं काही वाटलं नव्हतं.

आताही तिचं लक्ष हार्लनच्या डावाखाली होतं. तीन पायांचा बिडाचा हंडा, डाव्या कानाला चीर. तिच्या वडिलांचा, एमॉसचा. त्याने आणि हार्लनच्या बापाने पैज लावली होती: सामना जिंकेल त्याच्या घरी हंडा, पुढच्या सामन्यापर्यंत. शेवटच्या सामन्यात कॅलोवेने एकेचाळीस-तीन असा मार खाल्ला, हंडा प्रुइटांकडे गेला आणि पुढचा सामना झालाच नाही. एमॉसने तीन वर्षं वाट पाहिली. चौथ्या वर्षी तो गेला.

"आज रात्री हा माझ्या गाडीत जाणार," व्हर्ना म्हणाली. "सत्तावीस-वीस. लिहून ठेव."

"गाडीत खुशाल झोपव त्याला, पण स्वप्नात," हार्लन हसला. "पैज आपल्या सामन्याची होती, व्हर्ना. एक वर्ष तुमच्या मैदानावर, एक वर्ष आमच्या. हा सामना आयोजकांचा. मैदान तिसऱ्याचंच. याची हार-जीत हंड्याला लागू नाही."

दोन्ही कॉलेजांच्या पुढच्या दहा वर्षांच्या वेळापत्रकात एकमेकांचं नाव नव्हतं, ते व्हर्नाने स्वतः पाहिलं होतं. ती त्रेसष्टची होती. आज नाही, तर बहुधा कधीच नाही.

ती वाकून हंड्याकडे पाहत राहिली. चाळीस वर्षं तिने शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं. समोर जे दिसतंय ते आधी नीट पाहायचं, ही सवय काही सुटत नव्हती.

"हार्लन, हा गेल्या अकरा वर्षांत कितीदा घराबाहेर काढलास?"

"एकदाही नाही. नियमच आहे तसा." हार्लन छाती काढून म्हणाला. "सामन्याच्या दिवसाखेरीज हंडा उंबरा ओलांडत नाही. आमचे बाबा किती कडक होते, तुला माहीतच आहे. धाकट्या बहिणीच्या लग्नातसुद्धा दिला नाही आम्ही."

"कुठल्या सामन्याच्या दिवसाखेरीज?"

"आपल्या. म्हणजे तुमच्या-आमच्या..."

हार्लनचा डाव थांबला. मेव्हिसला हसू आवरेना. तिने हातातली कॉफी खाली ठेवली.

"सांगत होते ना मी, अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं घ्या म्हणून!"

"अ‍ॅल्युमिनियममध्ये तळाला लागतं गं!"

"मग आज इथे आपला सामना आहे की नाही, तेवढं सांग," व्हर्ना म्हणाली. "नसेल, तर नियम तू मोडलास. तुझ्या बाबांचा."

हार्लनने स्टेडियमकडे पाहिलं, मग हंड्याकडे. आत ढोल-तुताऱ्यांची तालीम चालू झाली होती. नियम मोडला असं म्हणवून घेणारा माणूस तो नव्हता, आणि हरण्याची भीतीही त्याला नव्हती. त्याची खेचरं सलग नऊ सामने जिंकून आली होती.

"बरं, आहे," तो म्हणाला. "आपलाच सामना. पण मग कायमचा. हरलात तर पुन्हा या हंड्याचं नाव काढायचं नाही. तू नाही, तुझ्या पोरांनीही नाही."

"कबूल. तूही नाही."

"कबूल! पन्नासच्या वर गुण घेऊ, बघच तू."

त्यांनी हात मिळवले. हार्लनची पकड घट्ट होती, व्हर्नाचीही. तिने खुर्ची ओढली आणि सगळ्या तांबड्या टोप्यांच्या मधोमध बसली.

"मेव्हिस, एक वाडगा दे गं. मोठा."

"भूक लागली?"

"भूक कसली," व्हर्ना म्हणाली. "हे सगळं आत्ताच संपवायला हवं. भरलेला हंडा मला एकटीला उचलवणार नाही."