लव असलेली शेंग

शेंगेवर लव होती. मटाराची शेंग बोटांखाली गुळगुळीत लागते, ही मात्र मखमलीसारखी... आजींनी ती चष्म्याजवळ धरली, उलटी केली, पुन्हा धरली. परातीतल्या मटारांत पिवळ्या फुलाची विषारी शेंग! मटाराच्या आणि त्या फुलझाडाच्या, दोन्ही वाफ्यांवर सकाळी हात त्यांचाच फिरलेला, टोपलीही त्यांनीच आत आणलेली — दोष द्यायला दुसरं माणूस नव्हतंच.

डोंगरातल्या पायवाटेच्या कडेचं त्या फुलझाडाचं रानटी मूळ त्यांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं, तेव्हा सासूबाई कडाडल्या होत्या, "विष आहे ते! उद्या घरात लेकरं खेळतील." आणि त्यांनी मान वर करून — त्या घरात पहिल्यांदाच — सांगितलं होतं : दाणा भरायच्या आत एकूण एक शेंग मी खुडीन, एक जरी सुटली, तर खुशाल उपटून टाका. बावन्न वर्षं ते झाड मुळातून पुन्हा उठत होतं, पिवळंधमक. बावन्न वर्षं एक शेंग सुटली नव्हती. सुनेला तर तिकडे फिरकूही दिलं नव्हतं. "तुझं लक्ष थाऱ्यावर नसतं," त्या तिला सुनवायच्या — आणि तेही पाहुण्यांदेखत.

आता? सांगू? मी, माझ्या तोंडानं?

"आई, अजून सोलताय?" सून आत आली.

त्यांनी शेंग मुठीत मिटली. "जून झालेत यंदा. टाकून दे सगळे."

"सगळे? तुमच्या नातीनं मटार मटार करून डोकं खाल्लंय माझं. कच्चेच हवेत बाईसाहेबांना."

सुनेनं परात पुढ्यात ओढली. उन्हाबद्दल काहीबाही बोलता बोलता तिची बोटं शेंगांवरून झरझर फिरली आणि लव असलेल्या आणखी दोन तिनं, खाली न बघता, शेजारच्या वाटीत टाकल्या. वाटी आधीपासून तिथंच होती.

इतका सराव एका दिवसात होत नाही. मागच्या वर्षी? त्याआधीही?... आणि हिनं कुणादेखत अवाक्षर काढलं नाही. टोमणा मारला असता, तर उत्तर तयार होतं. बावन्न वर्षं त्यांच्यापाशी उत्तर तयार असे.

सुनेनं वाटी किंचित त्यांच्याकडे सरकवली.

मुठीत लव घामानं ओली झाली होती. ते झाड उपटून टाक म्हणावं, एवढंच... पण ओठांवर आलं ते भलतंच, "तुझं लक्ष असू दे गं," — आणि तो आवाज इतका हळू होता, की त्यांना स्वतःचा वाटलाच नाही.