सात हातांचं माप

सगळं घोडं अडलं ते साहेबांच्या टेपपाशी. टेप चांगलीच होती, पिवळी, बटण दाबलं की सुर्रकन आत जाणारी. वाईट निघाल्या त्या आमच्या टोपल्या.

"दुकानवालीनं एकाच मापाच्या मागितल्या होत्या," साहेब कपाळाला हात लावून म्हणाले. "दोन विती रुंद, एक वीत उंच, असं मीच सांगितलं होतं ना तुम्हाला?"

आम्ही सातही जणींनी अगदी तसंच केलं होतं. फक्त वीत जिची तिची होती. माझ्या सासूबाईंनी पंजा पसरला की अर्धं अंगण झाकतं, आणि माझी वीत ही एवढीशी. पाची बोटं सारखी नसतात म्हणतात. इथं तर पस्तीस बोटांचा मामला. प्रत्येकीनं वीस टोपल्या विणलेल्या. एकशे चाळीस टोपल्या शेडमध्ये लहानमोठ्या पोरांसारख्या दाटीवाटीनं उभ्या होत्या.

तुम्हाला हसू येईल, आम्हाला येत नव्हतं. आम्ही डोंगरची माणसं. पिढ्यान्‌पिढ्या बांबू आमचा आणि भाव दलालाचा. गेल्या वर्षी कुठं जंगल राखायचा हक्क गावाच्या नावावर झाला, साहेबांच्या संस्थेनं शहरातलं दुकान गाठून दिलं, आणि ही आमची पहिली ऑर्डर. ती बुडाली की परत दलालाचं दार. तो तर टपूनच बसला होता.

साहेब माणूस वाईट नाही. त्यांनी सुचवलं, आठ दिवस मागून घेतो, टेप लावून नव्यानं विणा. सासूबाईंनी विचारलं, विणू कशाच्या? या टोपल्या उकलायला गेलं की वाळलेल्या कामट्या तुटतात, आणि पिकलेला बांबू यंदापुरता कापून झाला होता. रानात राहिले होते ते सगळे कोवळे. साहेब जरा चाचरले आणि म्हणाले, या वेळेपुरते थोडे कोवळेच घेतले तर?

खरं सांगते, माझं मन डळमळलं. दलालाचं ते खवचट हसू डोळ्यांपुढं आलं आणि वाटलं, घ्यावेत, कुणाला कळतंय. सासूबाईंनी मात्र हातातला कोयता भिंतीला टेकवून ठेवला.

"साहेब, कोवळा कापला की बांबूचं सगळं बेट खचतं. मग पुढच्या वर्षी ही टेप काय आमची तोंडं मोजायला आणणार?"

शेवटी जड मनानं ठरलं, माल दलालाकडं धाडायचा. टेम्पो बोलावला.

टेम्पोवाला आला तोच कुरकुरत. तीन फेऱ्या लागतील, मी काय नुसती हवा वाहू का, म्हणाला. सासूबाईंचं डोकं आधीच तापलेलं. त्यांनी आपली टोपली पुढं ओढली, तिच्यात दुसरीची टोपली दाणकन कोंबली, तिच्यात तिसरीची. असं करत करत सगळ्यात आत माझी चिमुकली टोपली बसवली.

"घे," त्या म्हणाल्या. "आता कुठं आहे हवा ते दाखव."

एकीच्या जागेत सात टोपल्या, आणि दोन कडांमध्ये जेमतेम बोटभर फट. मी बघतच राहिले. टेप लावून एकमापी विणल्या असत्या, तर एकीत दुसरी शिरलीच नसती.

मी साहेबांकडं फोन मागितला. मागितला कसला, हातातून घेतलाच. सातही टोपल्या आधी ओळीनं मांडून, मग एकीत एक घालून फोटो काढले आणि दुकानवालीला धाडले. खाली काय लिहावं ते साहेबांना सुचेना, म्हणून मीच लिहिलं: "ताई, आमचं माप चुकलं. पण अशा चालतील का?"

नाही तर नाही, आपलं काय जातंय, असं सासूबाई म्हणत होत्या, पण फोनजवळून हलत नव्हत्या. मग दुकानवालीचाच फोन आला. अशाच हव्यात, म्हणाली, साताचा एक संच, सुटी एकही पाठवू नका. पुढच्या वर्षीही हीच सात मापं पाहिजेत. दुप्पट जमतील का, असंही विचारलं. जेवढा बांबू पिकेल तेवढ्या, असं सासूबाईंनी परस्पर सांगून टाकलं. ती बरं म्हणाली.

आता साहेबांना नवाच घोर. ही सात मापं टिपून ठेवायची कशी? थोडा वेळ त्यांनी टेप मागंपुढं केली, मग खिशात टाकली आणि एक मोठा कागद पसरला. एकेकीचा हात त्यावर ठेवून भोवतीनं पेन्सिल फिरवायला लागले. पेन्सिलीनं गुदगुल्या व्हायच्या, त्यामुळं नुसता खिदळण्याचा कल्ला. टेम्पोवालासुद्धा खाली उतरून बघत उभा राहिला.

शेवटी सासूबाईंची पाळी आली. त्यांनी तळवा पदराला पुसला, कागदावर ठेवला, करंगळी होती नव्हती तेवढी ताणली. रेघ पुरी झाली तरी हात काही उचलेनात.

"आजवर कागदाला माझा नुसता अंगठा लागायचा," त्या म्हणाल्या. "आज अख्खा हात लागला."