ओले केस

सायकालची धाकटी मीरिम चालायला लागली आणि सासूबाईंनी काळ्यापांढऱ्या लोकरीची दोरी वळायला घेतली. मूल पाऊल टाकू लागलं की त्याच्या घोट्यांना अशी दोरी बांधायची, गल्लीतल्या पोरांना लांबून पळत यायला लावायचं आणि जो पहिला पोहोचेल त्याने ती सुरीने कापायची. कापणाऱ्याचा गुण मुलाला लागतो म्हणतात. सायकालच्या थोरल्याची, बेकतुरची, दोरी गावातल्या सगळ्यात चपळ पोराने कापली होती. गुण असा लागला की बेकतुरचा पाय जमिनीवर ठरत नसे.

पोहणं मात्र त्याला कुणी शिकवलं नाही, म्हणजे सायकालनेच शिकवू दिलं नाही. कालव्याची दारं सांभाळणारा शेजारी तोलोगोन आपल्या मुलीला, बेगाइमला, कालव्याच्या पाण्यावर भरणाऱ्या मागच्या तळ्यात पोहायला शिकवत होता.

"याला पण पाठव की," तो म्हणायचा. "कालव्याच्या काठी राहतो आपण, सायकाल. डोंगरावर नाही."

"पाण्याजवळ गेलाच नाही तर बुडेल कशाला?" हे सायकालचं ठरलेलं उत्तर. तेव्हा तिला ते केवढं शहाणपणाचं वाटायचं! बेकतुर संध्याकाळी घरी आला की ती आधी त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची. माया म्हणून नव्हे, केस ओले आहेत का ते बघायला. ओले लागले की पाठीत धपाटा. पोरगं इतकं धास्तावलं, की बाकीची पोरं तळ्यात डुंबायची आणि हा काठावर त्यांचे कपडे राखत बसायचा.

मग एका वसंतात वाऱ्याने त्याची टोपी कालव्यात उडवली. बेकतुर काठाने पळाला, पाण्याच्याही पुढे पळाला, टोपी धरायला वाकला आणि सिमेंटच्या निसरड्या उतारावरून आत गेला. बरोबर बेगाइम होती. तिने मागचापुढचा विचार न करता उडी टाकली. त्याची कॉलर तिच्या हाताला लागलीसुद्धा. पण घाबरलेल्या पोराने तिच्या गळ्याला मिठी मारली, दोघं खाली गेली आणि कॉलर सुटली. पुलाखालच्या साखळीला धरून ती एकटीच बाहेर आली. बेकतुरला कालव्याच्या खालच्या दारापाशी तोलोगोननेच काढलं. अंगणात आणून ठेवला तेव्हा सायकालचा हात सवयीने आधी त्याच्या केसांवर गेला.

मीरिम तेव्हा तिच्या पोटात होती. बेगाइम रडत दाराशी आली, तर सायकाल तिला म्हणाली, "तू कशी गं वाचलीस?" लहान पोरीला असं विचारतं का कुणी? पण तिने विचारलं, आणि तेव्हापासून दोन घरांमधलं बोलणं संपलं.

दोरीच्या दिवशी अंगणात बोरसोकांचा, तळलेल्या कणकेच्या फुगीर तुकड्यांचा, ढीग पडला होता. सासूबाई ओरडल्या, "पळा रे!" पोरं धूळ उडवत आली आणि पहिल्या आलेल्याने सुरीसाठी हात पुढे केला. सायकालने सुरी दिली नाही.

"हिची दोरी पळणाऱ्याने नाही कापायची."

"मग काय मी कापू?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या गुडघ्यांचा गुण लावतेस पोरीला?"

बायका हसल्या. सायकाल हसली नाही. ती फाटक उघडून शेजारच्या वाफ्याकडे गेली. बेगाइम कांदे खुरपत होती.

"चल, मीरिमची दोरी काप."

बेगाइमच्या तोंडचं पाणी पळालं. "मी नको, एजे." ताई म्हणावं तसं ती सायकालला एजे म्हणायची. "माझ्याच हातून सुटला तो."

"तुला येत होतं म्हणून तू वाचलीस. त्याला येत नव्हतं, ते माझ्यामुळे." सायकालने सुरी तिच्यापुढे धरली. "तेवढा एक गुण हवाय गं मला हिच्यासाठी. नाही म्हणू नकोस."

बेगाइमने दोरी कापली. मीरिम दोन पावलं टाकून धपकन बसली. सगळे ओरडत होते, त्या गलक्यात बेगाइम हळूच म्हणाली, "एजे, नुसती दोरी कापून पोहता येत नाही. पाण्यात उतरवावं लागतं."

"तूच उतरव," सायकाल म्हणाली. "मला नाही बघवणार."

मीरिमला जरा समजायला लागलं, तशी बेगाइम तिला उन्हाळ्यात तळ्यावर नेऊ लागली. सायकाल एकदाही गेली नाही. त्या वेळी ती घरात कणीक मळत बसायची, लागायची त्याच्या दुप्पट मळायची, आणि फाटक वाजेपर्यंत तिच्या जिवात जीव नसायचा.

एका संध्याकाळी फाटक धाडकन उघडलं.

"आई! मी एकटी पलीकडे गेले! बेगाइम-एजेने हात सोडला, तरी नाही बुडले मी!"

सायकालचा हात आपोआप तिच्या डोक्यावर गेला. केस चिंब ओले होते. त्यांना तोच वास होता, कालव्याच्या गाळाचा. तिने पोरीला पिठाच्या हातांनी छातीशी ओढलं, त्या ओल्या केसांत तोंड खुपसलं आणि हंबरडा फोडला, "बेकतुर! माझ्या बेकतुर!"

मीरिमने आईला थोडा वेळ रडू दिलं. मग तिच्या हाताखालून कसंबसं तोंड बाहेर काढत म्हणाली, "आई, मी मीरिम आहे."