फरशीखालचा लव्हाळा

मी लव्हाळा. दिल्लीत, मयूर विहारमधल्या एका तळमजल्याच्या घरामागे, अंगणातल्या लाल फरश्यांच्या फटींत मी राहत होतो. इथला माळी मला मोथा म्हणायचा. वर दिसतात ती नुसती पाती. मी खरा जमिनीखाली, शेंगदाण्याएवढ्या काळ्या गाठींत असतो. एका गाठीतून बारीक मूळ निघतं, त्याला पुढे दुसरी गाठ धरते. असं करत मी सगळं अंगण व्यापलं.

घर इंद्रजित आणि हेमांगी गद्रे यांचं. ते केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. हिवाळ्यात हेमांगीबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात आणि पाय लुळे पडले. फेब्रुवारीपासून इंद्रजित त्यांना वॉकर देऊन रोज अंगणात चालवत. "चलो, आज दहा पावलं," म्हणत.

मार्चअखेर वॉकरचा पाय माझ्या झुबक्यात अडकला आणि बाई पडल्या. हाड मोडलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "आता बिल्कुल नाही. माझं चालणं संपलं."

इंद्रजितांनी राग माझ्यावर काढला. मला कापलं, मीठ टाकलं, उकळतं पाणी ओतलं. पाती करपली, आठवड्याभरात मी पुन्हा वर. मला त्यांचा राग आला नाही. वाढणं एवढंच मला येतं.

मे महिन्यात एका सकाळी ते पुन्हा पातेलं घेऊन आले, तेव्हा खिडकीतून बाई म्हणाल्या, "अहो, पाती जाळून काय होणार? फरश्या उचला. गाठी खाली असतात."

"आणि एवढी माती निवडणार कोण?"

त्यांनी आपल्या लुळ्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "खुर्ची ठेवा बाहेर. मी निवडते."

माळी पहारीने रोज दोन फरश्या उचलायचा, इंद्रजित वीतभर माती उकरून परातीत द्यायचे. बाई हट्टाने त्या उजव्या हातानेच निवडायच्या. आधी गाठ बोटांतून निसटायची. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मला चिमटीत घट्ट धरलं. इंद्रजित पाहत राहिले. त्यांनी चष्मा काढून पुसला. दुसऱ्या दिवसापासून बाई खुर्चीपर्यंत वॉकर धरून स्वतःच चालत येऊ लागल्या.

माती निवडून झाली, फरश्या परत बसल्या, फटी सिमेंटने बुजल्या.

आता मी अंगणाच्या कोपऱ्यात, तापलेल्या पत्र्यावर सुरकुतत पडलोय. चार दिवसांत संपेन, तक्रार नाही. तुमच्याकडे माझे भाऊबंद असतील, तर त्यांना वरवर कापत बसू नका. एकदाच फरशी उचला.

समोरून बाई काठी टेकत चालल्या आहेत. इंद्रजित हात धरायला पुढे झाले.

"सरका जरा," त्या म्हणाल्या, "मला फाटकापर्यंत जायचंय."